पालथी बादली

“आधी तोंड झाक! बंदूक नंतर,” व्हर्जिल खेकसला.

डार्लाने हिरवी जाळी डोळ्यांपर्यंत ओढली. सासऱ्याची शिकवणी गाडीत बसल्यापासून चालू होती. कावळ्याला बावळट समजू नकोस. हलू नकोस. वर बघू नकोस, झुडपात माणसाचं तोंड ताटलीसारखं चमकतं. प्लास्टिकचं घुबड उंच काठीवर लाव, घुबड दिसलं की कावळ्याचं डोकं फिरतं. कावळ्याच्या आवाजाची शिट्टी पोटातून फुंक, गालातून नाही. पहिला येतो तो टेहळ्या, तो बिनसला की सगळी टोळी गेली.

“आणि तुमची जाळी, बाबा?”

“मला कशाला? ही दाढी म्हणजे झुडूपच आहे. पोरपणापासून इथे बसतोय मी. जाळी शिकाऊ माणसाला.”

शिकाऊ! लग्नाला वर्ष उलटलं तरी ती शिकाऊच. टल्सा शहरातून ती या पेकनच्या, अक्रोडासारख्या फळांच्या, बागेत नांदायला आली, आणि पहिल्याच जेवणाला तिच्यापुढे पालथी बादली सरकवली गेली. बाहेरून आलेल्या सुनेने, जावयाने पेकन फस्त करणाऱ्या कावळ्यांतला पहिला पाडेपर्यंत बादलीवर बसायचं. हनुवटी टेबलाला टेकवून जेवायचं आणि बाकीच्यांनी दात काढायचे. रीत म्हणे. माणसाला खाली बसवायचं असलं की लोकांना बरोबर एखादी रीत आठवते. रविवारी झाडांवरचे पेकन झाडायच्या आधीचं मोठं जेवण होतं, सगळं गोत येणार होतं. त्या दिवशी खुर्चीवर बसायचंच, असं डार्लाने ठरवलं होतं.

व्हर्जिलने शिट्टी फुंकली. नदीपलीकडून उत्तर आलं. टेहळ्या आला, झुडपावर एक घिरटी घातली, आणि असा किंचाळला की मागची सगळी टोळी हवेतल्या हवेत माघारी वळली.

“हललीस!”

“नाही हलले.”

“मग श्वास घेतला असशील.”

पुन्हा शिट्टी, पुन्हा घिरटी, पुन्हा किंचाळी. व्हर्जिल शिव्या देत कॉफी आणायला गाडीकडे गेला.

डार्लाने शिट्टी उचलली आणि फुंकली. बोकडाला ठसका लागावा तसा आवाज निघाला. आणि कावळे आले! टेहळ्या आला, मागून टोळी आली, आभाळ काळं झालं. घुबडाच्या नावाने शिमगा सुरू झाला. तिने बंदूक खांद्याला लावली.

तेवढ्यात व्हर्जिल कॉफी घेऊन गाडीआडून बाहेर आला. एक किंचाळी, आणि बाग रिकामी.

डार्लाने बंदूक खाली घेतली. “बाबा, जरा परत गाडीत बसा.”

“का?”

“बसा तर खरं.”

तो बसला. तिने बोकड पुन्हा खोकवला. कावळे आले.

“आता बाहेर या!”

तो बाहेर आला. कावळे गेले.

डार्ला नेम धरायचं सोडून पोट धरून बसली. हसून हसून तिची जाळी ओली झाली. “ते मला भीत नाहीत, बाबा. बंदुकीलाही नाही. अहो, ते तुम्हाला ओळखतात! जन्मभर उघड्या तोंडाने गोळ्या घातल्यात तुम्ही. त्यांच्या पोराबाळांनासुद्धा ही दाढी पाठ आहे.”

व्हर्जिलने दाढीवरून हात फिरवला. कॉफी निवली. मग दाढीत हळूच दात दिसले.

“सगळ्यांना?”

“अख्ख्या खोऱ्याला.”

रविवारी भर दुपारी गोत जमलं. डार्ला आत आली आणि टेबलाच्या टोकाला, सासऱ्याच्या मोठ्या खुर्चीवर बसली.

“अगं बाई! पाडलास वाटतं कावळा?” आत्तेसासू म्हणाली.

“एकही नाही.”

“मग तुझी बादली कुठंय? आणि व्हर्जिल कुठंय?”

सासू ओपल पेकनची गोड पाई कापत होती. तिने सुरीनेच खिडकीबाहेर दाखवलं.

बागेच्या मधोमध, दाढी विंचरून, तोंड उघडं टाकून, व्हर्जिल पालथ्या बादलीवर राजासारखा बसला होता. आणि पेकनने लगडलेल्या एकाही फांदीवर कावळा नव्हता.