स्थानिक जामीनदार

"हेही चालणार नाही." कोर्टाच्या कारकुनाने सातवं रेशनकार्ड परत केलं. "पत्ता सातारा जिल्ह्यातला आहे. जामीनदार इथला पाहिजे. स्वतःचं घर असलेला."

सिताराम मुकादमाने कार्डं पिशवीत टाकली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याच्या टोळीत अकरा हमाल होते. कुणी दहा वर्षं, कुणी पंधरा वर्षं इथं पाठीवर गोणी वाहत होता, पण कार्ड एकाचंही इथलं नव्हतं. गावच्या कार्डावरून नाव काढलं की गावातून नाव गेलं, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून आज सात माणसं जामीन राहायला तयार होती आणि कोर्टाच्या लेखी एकही नव्हतं.

आत अडकला होता ज्योतिबा. टोळीतला सगळ्यांत अबोल गडी. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. सोमवारी संध्याकाळी त्याच गल्लीत एक जण आपल्या बायकोला, गोजराला, दांडक्याने मारत होता. लोक दारात उभे राहून पाहत होते. ज्योतिबाने दांडका हिसकावला आणि त्याला ढकललं. नवरा पायरीवर आपटला, डोक्याला टाके पडले. गोजराचा हात मोडला होता. पण पोलीस चौकीत आधी पोहोचला तो नवरा, आणि फिर्याद त्याची नोंदली गेली.

जामीन कालच मंजूर झाला होता. जामीनदार मिळत नव्हता. उद्यापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी. आज पाचच्या आत कागद झाले नाहीत, तर ज्योतिबाला पोलीस कोठडीतून ठाण्याच्या तुरुंगात नेणार होते आणि त्याची दिवाळी तिथंच जाणार होती.

"नवरा-बायकोच्या भांडणात पडायचंच कशाला म्हणतो मी," दिनानाथ हमाल कुरकुरला.

"तू आसतास तर काय केलं आसतंस?"

"दार लावून घेतलं आसतं."

"म्हणून तुझ्यासाठी कोण कोर्टात येनार न्हाय," सिताराम म्हणाला.

साडेतीन वाजता फाटकातून एक बाई आत आली. साठीची असावी. आगरी वळणाचं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. तिने सरळ सितारामलाच विचारलं, "ज्योतिबाची मानसं तुमीच ना? मी शेवंताबाई, घनसोलीची. जामीन रहायला आलीय."

सितारामने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही त्याच्या कोण, मावशी?"

"गोजरा माज्या घरी हाय. हाताला प्लास्टर घातलंय. चमच्यानं भरवतेय तिला."

सितारामच्या ध्यानात आलं. पोर आईच्या घरी आली म्हणायची. तो जरा बाजूला सरकला आणि बाकावर तिला जागा करून दिली.

ज्योतिबाचं काम पाहणारे नावड्याचे अब्दुर्रहमान वकील झाडाखाली दुसऱ्या पक्षकाराशी बोलत होते. सितारामने त्यांना हाक मारून आणलं. शेवंताबाईने पिशवीतून घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड काढलं. पावती तिच्याच नावावर होती. वकिलांनी रेशनकार्ड उघडलं, आतली नावं वाचली. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"काकी, विचार केलाय ना?"

"तीन राती तेच केलाय."

"घरी सांगितलंय?"

"सांगून आलीय."

"काय म्हणाले?"

"म्हनायचं ते म्हनले. घर माजं हाय."

वकिलांनी कार्ड मिटलं. "चला. साहेब विचारतील तेवढंच सांगा. आणि खरं सांगा."

कोर्टात तिला पुकारलं तेव्हा पावणेपाच झाले होते. दाराशी बसलेल्या हवालदाराने तिला पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि उठून सरकारी वकिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. सरकारी वकील बोलायला उभे राहिले. शेवंताबाईने त्यांच्याकडे नजर वळवली. ते खाली बसले.

"आरोपीला किती वर्षं ओळखता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तीन वर्सं. आमच्या गल्लीन रहते."

"तो तारखेला आला नाही तर पैसे तुमच्याकडून वसूल होतील. घरावर जप्ती येऊ शकते. समजतंय?"

"समजते साहेब. तो येल."

"एवढी खात्री?"

"बाकीचे सगले दारात उभे होते. तो एकटा पुढं आला. तो पलून जानारा नाय."

न्यायाधीशांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. शेवंताबाईने अंगठा उठवला. पाचला सात मिनिटं कमी होती.

सुटकेचा कागद घेऊन सगळे पोलीस कोठडीवर गेले. ज्योतिबा बाहेर आला तेव्हा टोळीने त्याला खांद्यावरच घेतलं. रोज पन्नास किलोच्या गोण्या वाहणाऱ्यांना त्याचं वजन ते काय. दिनानाथ सगळ्यांत पुढे होता. "सोडा रं, पडन मी," ज्योतिबा म्हणत होता. चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला. उद्या सकाळी टोळीचा टेम्पो गावाला निघणार होता आणि त्यात आता अकराही जण असणार होते.

शेवंताबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. सितारामने ज्योतिबाला खाली उतरवलं आणि तिच्यासमोर आणलं.

"आधी हिच्या पाया पड. आम्हा सगळ्यांकडनं झालं न्हाय, ते हिनं केलं. लेकीसाठी घर पणाला लावलं. गोजराची आई हाय ही."

ज्योतिबा जागीच थांबला. त्याने मान खाली घातली. "आई न्हाय, मुकादम," तो हळूच म्हणाला.

शेवंताबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सासू," ती म्हणाली.