अंगाची ऊब

डोक्याचं मुंडण केलेल्या भागवतने मोटरसायकलची चावी काउंटरवर आपटली.

"काल दादाचं तेरावं झालं. गाडीची चावी माझ्या नावावर करा. ही चावी तिरडीवरच त्याच्या गळ्यातून काढून घेतली होती."

सर्व्हिस सेंटरच्या केंजळेबाईंना हा माणूस आल्यापासूनच खटकत होता. त्यांनी चावी यंत्रावर ठेवली. चावीतली बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली होती.

"लवकर उरका," भागवत गुरकावला.

बाईंनी बटण दाबून शटर खाली पाडलं आणि पोलिसांना फोन लावला.

"मेल्या, ही चावी फक्त मालकाच्या अंगाच्या उबेवर चार्ज होते. गळ्यातून काढली की चार दिवसांत मरते. जित्या भावाचं तेरावं जेवलास? बोल, कुठे कोंडलायस त्याला."