भिंतीतले सहा फूट

"भिंतींची जाडी धरली, तरी आतलं माप सहा फूट कमी पडतंय, बाई," फॉसेट साहेब म्हणाले आणि मोजायची फीत घेऊन पुन्हा चुलीकडे वळले.

हॅनाने किटली चुलीवरून उतरवली. त्याच सहा फुटांत, नवी चूल बसवताना मागे झाकल्या गेलेल्या जुन्या धुराड्याच्या पोकळीत, पोरगा सात आठवडे लपला होता. फ्रान्समधल्या लढाईतून पळून आलेला. सापडला तर गोळीच.

विधवा हॅनाचा मुलगा 'जो' परत आलाय, अशी कुजबुज यॉर्कशरच्या त्या डोंगराळ गावात सुरू झालीच होती. लोकांच्या जिभेला हाड नसतं. लष्करी पोलिसांचा सार्जंट उद्या झडतीला येणार होता. आणि आज हे शहरातले साहेब. जुन्या घरांचे नकाशे काढणं हा त्यांचा पेशा. खाणावळीत भेटलेल्या सार्जंटने या घराचा नकाशा मागितलाय, हे त्यांनी आल्या आल्या सरळपणे सांगून टाकलं होतं.

त्यांच्या येण्याला कारण वेगळंच होतं. त्यांचा मुलगा एडविन हॅनाच्या जोच्याच तुकडीत. तिथं जो या घराच्या इतक्या बढाया मारायचा, की एडविनच्या प्रत्येक पत्रात इथल्या दगडी खिडक्या नि हातभर रुंद तुळया असायच्याच. अडीच महिन्यांपूर्वी पत्रं थांबली. 'बेपत्ता' एवढंच सरकारने कळवलं. म्हणून बापाला हे घर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

हॅनाने सगळं ऐकलं, चहा ओतला, ओटची पोळी पुढे केली. धीराचा एक शब्द काढला नाही. बाई दगडाच्या काळजाची नव्हती. पण भिंतीआड जीव टांगणीला लागलेला असताना तोंड कोणापुढे उघडायचं?

"तुमचा जो कुठं असतो आता?" साहेबांनी विचारलं.

"फ्रान्समध्येच आहे," ती खाली बघत म्हणाली.

साहेबांनी चुलीशेजारची भिंत ठोकली. आवाज पोकळ आला. ती घाईने म्हणाली, की जुनं बांधकाम, उंदीर फार. तेवढ्यात आत काहीतरी सरकलं. तो उंदीर नव्हता, हे दोघांनाही कळलं.

साहेबांनी भिंतीवर तळवा टेकवला. मग टेबलाशी बसले, पेन्सिलीला टोक केलं आणि नकाशावरची ती सहा फुटांची जागा बारीक रेघांनी भरून काढली.

"इथं भरीव दगड आहे," ते म्हणाले. "सार्जंटला हाच नकाशा मिळेल."

"पण का, साहेब? तुम्ही अडकाल यात."

"माझ्या पोराला अशी एखादी भिंत मिळाली असती, बाई, तर त्या घरच्यांचे पाय धरले असते मी."

हॅनाला रडू आवरेना. सात आठवडे तिने ते कोणाला दिसू दिलं नव्हतं. तिने दाराला आतून कडी घातली, पिठाची पेटी बाजूला ओढली आणि मागची फळी काढली.

"ये बाहेर, एडविन," ती आत वाकून म्हणाली. "तुझे वडील आलेत."