छापील अबोला

सुरेशचंदचा हिशेब सरळ होता. थोरल्या भावाशी धरलेला अबोला टिकवला, तर दुकानातली रस्त्याकडची गादी आपली. आधी बोललो, तर थोरल्याची. थोरले माणकचंदही हाच हिशेब करून गप्प होते.

जळगावातल्या त्या डाळीच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अतिकने नवा प्रिंटर बसवला. "थोरल्या नानांचा जुना कॉम्प्युटर एका प्रोटोकॉलने, म्हणजे एका भाषेत बोलतो, सुरेशभाऊंचा लॅपटॉप दुसऱ्याने," तो म्हणाला, "पण हा गडी दोघांचं ऐकतो."

मग काय, भांडण छापील झालं. सुरेशचंदने छापून विचारावं, थोरल्याने छापून उत्तर द्यावं.

'तूरडाळ काय भावाने देऊ?'

'डोकं दिलंय देवाने, वापर.'

एके दिवशी भर गर्दीत कागद संपला. उठून भरणं म्हणजे माघार. सुरेशचंदने टाइप केलं, 'कागद संपलाय, भरा,' आणि प्रिंटरला पाठवलं. माणकचंदांनीही पाठवलं, 'ट्रे रिकामा आहे, तू भर.' दोघं उत्तराची वाट बघत बसले. शेवटी एकाने गोदामात आणि दुसऱ्याने ओट्यावर जाऊन अतिकला फोन लावला.

अतिकने कागद एकदाच भरला, पण येण्याचे पैसे दोघांच्याही मोबाइलवरून पुरेपूर घेतले. खात्री करायची, तर कुणाला तरी आधी बोलावं लागलं असतं.