पद्माबाईची साक्ष

“हाये का कुनाची साक्ष?” पास्टर भिवाजींनी पुन्हा विचारलं आणि सगळ्या माना पद्माबाईकडं वळल्या.

पद्माबाईनं नजर खाली घातली. मांडीवरचं हळदीचं गाठोडं पदराखाली ओढलं. साखरा गावच्या या पत्र्याच्या प्रार्थनाघरात एक रीत होती. ज्याचं मागणं देवानं ऐकलं, त्यानं उभं राहून मंडळीसमोर साक्ष द्यायची आणि शेतात पिकेल ते आभार म्हणून पुढं नेऊन ठेवायचं. पद्माबाईनं लेकाच्या जिवासाठी हळद कबूल केली होती. लेक वाचून घरी आला, त्याला वर्ष होत आलं. गाठोडं मात्र दर रविवारी तिच्यासोबत यायचं आणि तिच्यासोबतच परत जायचं. मावशीची हळद आपल्यापेक्षा नेमानं प्रार्थनेला येते, असं म्हणून पोरं हसायची.

आज ईस्टर होता. तरी गाणी काही उचलत नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं रडारड झाली नाही असं एकही घर गावात ठेवलं नव्हतं. सतरंजीवर अजून मोकळ्या जागा होत्या आणि त्या जागी कुणी सरकून बसत नव्हतं. ढोलकी वाजवणारा थावरा गेला, तेव्हापासून ढोलकी खुंटीलाच होती. वर्षभरात साक्ष द्यायला कुणी उठलं नव्हतं. उठणार तरी कोण? देवानं आपलं ऐकलं असं सांगण्यासारखं एकच घर उरलं होतं, पद्माबाईचं.

“पद्माबाई, तुमी तरी बोला,” पास्टर हळूच म्हणाले. “लोकांना आधार व्हईल. देव ऐकतो, येवढं तरी कळंल.”

तेच तर तिला सांगायचं नव्हतं. देवानं तिचं ऐकलं होतं. काय ऐकलं होतं, ते तिला एकटीला ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात तिचा दिपक आणि शेजारच्या जनकाबाईचा भीमराज हिंगोलीच्या एका दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर होते. दोघी आया बाहेर कडुलिंबाखाली बसायच्या. एका डब्यातली भाकरी खायच्या. हातात हात धरून मोठ्यानं प्रार्थना करायच्या, दोन्ही लेकरं राहू दे. मग एका दुपारी नर्स सांगत आली. मोठ्या मशीनची एकच खाट रिकामी झाली आहे, कुणाला हलवायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यानंतर दोघी मोठ्यानं काही बोलल्या नाहीत. हात सुटले. दोघींनी तोंडावर पदर घेतला. पद्माबाई मनातल्या मनात म्हणाली, देवा, एक न्यायचाच असंल तर तिचा ने. माझा ठेव.

संध्याकाळी दिपकला त्या खाटेवर हलवलं. पहाटे भीमराज गेला.

तेव्हापासून जनकाबाई रोज सकाळी दिपकसाठी तांब्याभर दूध घेऊन यायची. “पोरगं धड उभं राहिलं पायजे,” एवढंच म्हणायची आणि उंबऱ्यावरूनच मागं फिरायची. पद्माबाईच्या नजरेला नजर कधी द्यायची नाही. ते दूध तापवताना पद्माबाईच्या मनात यायचं, तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दूध काहून आणून राहिली ही बाई? तिला खरं कळलं तर ती पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही, हे पद्माबाईला पक्कं माहीत होतं. आणि शेजारणीचं लेकरू मागितलं म्हणून घेऊन जाणाऱ्या देवाला हाक मारायची तिची हिंमत होत नव्हती. वर्षभरात तिनं घरी एकदाही गुडघे टेकले नव्हते.

“आय, ऊठ की,” दारात बसलेला दिपक म्हणाला.

ती उठली. गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. मागून कुणीतरी सवयीनं “हालेलुया” म्हणालं.

“माझी साक्ष चांगली न्हाई,” पद्माबाई म्हणाली. “म्या दिपक मागितला, तवा त्याच्या बदल्यात भीमराज देऊ केला व्हता. देवानं ऐकलं. जनका, तुझं लेकरू म्या खाल्लं.”

पास्टर भिवाजींना एरवी कुठल्याही गोष्टीला लागू पडणारं वचन सापडायचं. आज त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि तसंच मिटलं.

भिंतीला टेकून बसलेली जनकाबाई उठली. ती आता निघून जाणार असं सगळ्यांना वाटलं. बायांनी गुडघे आवरून तिला वाट करून दिली. पण ती दाराकडं वळली नाही. पुढं आली आणि तिनं गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ते क्रुसाखाली नेऊन ठेवलं. ठेवता ठेवता जनकाबाईला रडू फुटलं. वर्षात पहिल्यांदाच तिनं पद्माबाईच्या डोळ्यांत पाहिलं.

“असली मागणी तो ऐकत न्हाई, पद्मे,” ती म्हणाली. “त्या लिंबाखाली म्याबी हेच मागितलं व्हतं. त्यानं ऐकलं असतं, तर तुझा दिपक आज दारात बसला नसता.”