पाहुणे, मी आणि कूलर

"पाहुण्यापुढं मान खाली घालून बस. काई इचारलं तर फक्त हो म्हण," आईनं बजावलं होतं. पण मान खाली घातली की माझा खेळच संपला! मला आवाज सगळे ऐकू येतात; कानातून मेंदूकडं जाता जाता शब्दांचा लगदा होतो. समोरच्याचे ओठ दिसले, तरच त्यातून बोलणं हाती लागतं. त्यात वरोऱ्याचा मे महिना, आणि खिडकीत ट्रॅक्टरसारखा घरघरणारा कूलर.

मला बघायला आलेल्या मुलानं काहीतरी विचारलं. मी "हो" म्हटलं. सगळे हसले. त्यानं माझं नाव विचारलं होतं, हे मागाहून कळलं. मग त्याच्या आईनं तेच ओरडून विचारलं. लगदा फक्त मोठा झाला.

मी सरळ मान वर केली. "मले आवाज येते, पण शब्द समजत नाई. कानाचा आजारच तसा हाय. ओरडू नका. तोंडाकडं पाहू द्या, अन् सावकाश बोला."

आईनं डोळे मिटून घेतले. मग मुलगा, प्रफुल, उठला आणि त्यानं चक्क कूलर बंद केला! पाहुण्यांना घामाच्या धारा लागल्या. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"मी पसंत हाय का तुमाले?"

"काय म्हटलं तुमी? पुन्हा सांगा," मी म्हणाले.

हे वाक्य मी जन्मभर न समजल्यामुळं म्हणत आले. आज शब्द न् शब्द समजला होता.