मूळ पावती

"काका, यंदा तुम्ही नवीन करप्रणाली घेतलीय. मुलीच्या फीची सूट नाही त्यात, पावती नको," अकाउंट्समधली मुलगी म्हणाली. उल्हासरावांचा चेहराच उतरला.

बायको होती तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या लेकीशी तीच बोलायची आणि शेवटी फोन यांच्या कानाला लावायची. ती गेल्यापासून लेकीशी काय बोलावं, हे त्यांना सुचतच नसे. जानेवारीत मात्र ऑफिसला फीची पावती लागायची. ती मागता मागता मेस, खोकला, परीक्षा, सगळं विचारून व्हायचं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तरीही फोन लावला. "शाल्मली, फीची पावती हवी होती गं. टॅक्ससाठी."

"बाबा, एप्रिलमध्ये तुमचा फॉर्म मीच भरला ना? नवीन पद्धतीत फीची सूट मिळत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं."

"हो की. विसरलोच बघ." त्यांना अगदी ओशाळल्यासारखं झालं. "बरं, ठेवतो मग."

"थांबा हो," ती घाईने म्हणाली. "मोबाइलवरचा फोटो चालत नसेल ना तुमच्या ऑफिसात? शनिवारी मूळ पावती घेऊनच येते."